आत आहे ना?

व्हर्ना ट्रिव्हेट माझ्या दुकानात पहिल्यांदा आनंदाने रडली, त्या दिवशी तिच्या मुलाला अटक झाली होती.

परदेशातल्या या डोंगरी गावात, हॅस्लिपच्या चौकातला पेट्रोल पंप आणि त्याला लागून असलेलं दुकान आम्ही घेतलं, त्याला तेव्हा एक-दोन वर्षंच झाली असतील. पहाटेचं दुकान माझं, इथल्या सगळ्यांच्या 'सू'चं, आणि संध्याकाळचं यांचं, अशी आमची वाटणी. पहाटे येणारी माणसं ठरलेली. लाकूड कापायच्या सॉ मिलवर जाणारे, शाळेच्या बसचे ड्रायव्हर, रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सा, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी व्हर्ना. तिचं घर डोंगराच्या घळीत, तिथे फोनला रेंज नाही. म्हणून ती कॉफी घ्यायची, खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसायची आणि शाळेची वेळ होईपर्यंत फोनमध्ये डोकं घालायची. मी म्हणायची, बाईला बातम्यांची फार हौस दिसते.

त्या दिवशी तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मला वाटलं, छातीतच दुखतंय हिच्या. मी गल्ला उघडा टाकून धावले. तिने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. एका पोराचा फोटो होता. ओठ फुटलेला, केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले. खाली नाव, गुन्हा आणि जामिनाची रक्कम.

"आत आहे गं, सू," ती म्हणाली. "माझा कोल्बी. आत आहे!"

"अटक झालीय?"

"हो ना! काल रात्री." तिने बाहीने डोळे पुसले. "देव पावला. काल जेवायला घातलं असेल त्याला. सकाळी अंडी देतात तिथे."

मग तिने गरम बिस्किट मागितलं. बिस्किट म्हणजे इथला लोण्यातला जाड मऊ पाव, आत सॉसेज घातलेला. एरवी कॉफीपलीकडे ती कशाला हात लावत नसे. त्या दिवशी तिने ते स्टुलावर बसून सावकाश खाल्लं आणि बोटं चाटून शाळेत गेली.

मी चाट पडले. आमच्याकडे पोलीस नुसते पत्ता विचारायला दारात आले तरी घरातले खिडक्या लावून घेतात. आणि ही बाई पेढे वाटायचीच काय ती बाकी होती! घरी येऊन यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "गोळ्यांचं प्रकरण असेल." तेच होतं. सॉ मिलवर कोल्बीची पाठ धरली, डॉक्टरने दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, गोळ्यांची सवय लागली, आणि गोळ्या मिळेनाशा झाल्यावर जे मिळतं ते. या डोंगरातल्या किती घरांची हीच गोष्ट आहे ते मी मोजायचं सोडून दिलंय. दमायला होतं.

तर असं पोर घरातून जातं ते जातंच. फोन विकलेला, पत्ता नाही, आज याच्या गाडीत झोपलं, उद्या त्याच्या पडीक ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात. थंडीत आईला त्याची बातमी दोनच ठिकाणांहून येऊ शकते, तुरुंगाच्या यादीतून नाहीतर अंत्यसंस्कारवाल्यांकडून. शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसची यादी रोज पहाटे फोनवर दिसते आणि ती कुणीही पाहावी. तुम्ही कोण, कशाला बघता, कुणी विचारत नाही. यादीत नाव असलं, म्हणजे पोर जिवंत आहे, डोक्यावर छप्पर आहे आणि सकाळी अंडी आहेत. मला हे कळायला एक अख्खा हिवाळा लागला.

यादी बघणाऱ्या आयाच फक्त, असं नाही. पोरी नव्या मित्राचं नाव घालून बघतात. घरमालक भाडेकरूचं बघतात. चर्चमध्ये मुलांच्या वर्गाला नवा माणूस ठेवायचा तर चर्चवाले बघतात. ज्यांना फोनवर बघता येत नाही त्यांच्यासाठी दर आठवड्याला फोटोंचा पेपर निघतो. पानंच्या पानं चेहरे, खाली गुन्हे. लायटरच्या शेजारी त्याचा गठ्ठा असतो आणि दुपारपर्यंत संपतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. इथे तर झाकायलाही फारसं काही उरलेलं नाही, तरी वाकतात. फुकट चाळणाऱ्यांवर मी खेकसते, "चाळायचा नाही, घ्यायचा!" त्यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे हॉईट. म्हातारा, विधुर, रोज एक कॉफी घेऊन दोन तास बसणार आणि गावाची उणीदुणी काढणार.

व्हर्नाचं बघणं वेगळं होतं. ती सबंध यादी वाचायची, आणि यादीतल्या बहुतेकांना तिनेच शाळेत जेवू घातलेलं असायचं.

"हा बघ. मक्याचा पाव दोनदा मागायचा. आईने डबा कधी दिलाच नाही त्याला," ती म्हणायची. पुढचा फोटो. "आणि ही! मटार रुमालात गुंडाळून खिशात लपवायची. चोरी करताना सापडली म्हणे. सापडणारच, तेव्हाही खिसा फुगलेला दिसायचा."

हॉईट म्हणाला, "व्हर्ना, तुझ्या हातचं खाल्लेले सगळेच कसे गं तुरुंगात?"

"तू नाही खाल्लंस म्हणून बाहेर आहेस. आणि तरी बघ, काय दिवे लावलेस."

हॉईट तिला घाबरायचा. इतर कुणी त्याला गप्प करू शकत नसे.

व्हर्ना यादी बघते हे हळूहळू सगळ्या घळींत कळलं, आणि पहाटे तिचा फोन वाजायला लागला. ज्यांची रात्रपाळी असायची, ज्यांचे डोळे अधू होते, ज्यांचा स्वतः बघायचा धीर होत नव्हता, अशा आया. शेजारच्या जिल्ह्यांच्या याद्या कुठे असतात ते व्हर्नाला पाठ झालं होतं. पोरं खोटी नावं देतात म्हणून नाव नाही, चेहरा बघायचा, हे तिला माहीत होतं. फोनवर नमस्कार-चमत्कार काही नसायचं. पलीकडून प्रश्न यायचा, "माझा?" आणि व्हर्ना म्हणायची, "आत आहे." पलीकडे कुणीतरी सुस्कारा सोडल्याचं मला गल्ल्यापर्यंत ऐकू यायचं.

नसला, तर ती म्हणायची, "यादी अजून पुरती चढली नसेल गं. दुपारी बघ." तिलाही माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, की हे म्हणायचं म्हणून म्हणायचं.

कोल्बी आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. असं कितीतरी वेळा झालं. तो आत असला की व्हर्ना बिस्किट खायची, बाहेर असला की नुसती कॉफी. जामीन भरून सोडवून आणायची चूक तिने एकदा नाताळात केली. दोन दिवस तो घरी राहिला आणि तिसऱ्या दिवशी तिचा मिक्सर घेऊन गेला. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. फोटोंच्या पेपरात तो आला की मात्र एक प्रत घ्यायची, फोटो कापायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. एकदा मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "तुझ्याकडे तुझ्या मुलीचे किती फोटो आहेत? वाढदिवसाचे, सहलीचे, पदवीचे. माझ्याकडे त्या वयातले त्याचे एवढेच आहेत. शेरीफशिवाय काढलेत कुणी?" मग तिने एक निवडून दाखवला. "हा चांगला आलाय. बघ, गाल भरलेत. बरेच दिवस आत होता तेव्हा."

मी तिचा कप भरून दिला.

मग एका न्यायाधीशाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने कोल्बीला तुरुंगाऐवजी डोंगरापलीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. त्याआधी दोनदा तसलं करून झालं होतं, म्हणून कुणी आशा धरली नाही. पण या वेळी तो टिकला. तिथेच राहिला. एका फरशीवाल्याच्या हाताखाली काम शिकला आणि पुढे स्वतःची कामं घ्यायला लागला. एका विधवा बाईच्या गॅरेजवरची खोली त्याने भाड्याने घेतली, तिच्याबरोबर तिच्या चर्चला जायला लागला आणि रविवारी चर्च सुटलं की आईला फोन करायला लागला. गाव व्हर्नाचं अभिनंदन करत होतं. आणि व्हर्ना वाळत चालली होती.

"झोप लागत नाही," ती मला म्हणाली.

"अगं, आता तर लागायला हवी."

"यादीत नसतो ना तो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं 'यादीत नाही' याचा या बाईच्या लेखी एकच अर्थ होता. तो अर्थ पोर सुधारलं म्हणून बदलत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती रोज आधी त्याच्या नव्या जिल्ह्याची यादी बघायची, मग आजूबाजूच्या, मग आपली, आणि सगळ्यात शेवटी, स्टुलावर पाठ ताठ करून, तिकडच्या अंत्यसंस्कारवाल्यांचं पान.

नोव्हेंबरातल्या इथल्या टर्कीच्या सणाला तो घरी आला, तेव्हा आईला घेऊन दुकानात आला होता. गोरागोमटा, जाड झालेला, हात सिमेंटने चरचरीत. मिस सू, मिस सू करत त्याने माझी चौकशी केली. इथे मोठ्या बाईला नावाआधी मिस लावतात, मला आवडतं ते. व्हर्ना सवयीने स्टुलावर बसली आणि तिने फोन काढला. तो तिच्या खांद्यावरून बघत राहिला.

"आई, मी इथे उभा आहे."

"बघतेय नुसतं. इतरांचं."

"तू टी वर आहेस. ट्रिव्हेटचा टी." तो चिडला नव्हता. दमलेला वाटला. "तू मला रोज सकाळी तुरुंगात शोधतेस. मी तिथे नसतो गं. दुसरीकडे कुठेतरी शोध ना मला."

"सोडते," व्हर्ना म्हणाली. "आजपासून सोडलं."

कसलं सोडतेय!

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात एका रविवारी त्याचा फोन आला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, सोमवारी पहाटे नाही. ती लावायची तर बंद. एकाही यादीत तो नव्हता. व्हर्नाचा चेहरा पांढरा पडला होता.

मी म्हटलं, "अगं, फोन बिघडला असेल. दुपारपर्यंत थांब."

"तू गप बस, सू. तुला नाही कळायचं."

तिने त्या जिल्ह्याच्या शेरीफच्या ऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, माझा मुलगा फोन उचलत नाही, कुणीतरी जाऊन बघा. अशी विनंती केली की इथले पोलीस जातात, त्यात काही नवल नाही. तासाभरात उलट फोन आला. पोलीस गेला होता. कोल्बी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात तिची फरशी बसवत होता, तीही फुकट. फोन रविवारी सिमेंटच्या बादलीत पडला होता. पोलीस पोरगा चांगला होता, हसला म्हणे, आणि म्हणाला, 'आईला फोन कर रे बाबा.' व्हर्ना माझ्या गळ्यात पडून हसली आणि मीही हसले. आम्हा दोघींनाही पुढचं दिसलं नाही.

पोलिसांची गाडी त्या बाईच्या दारात उभी होती, आणि ती शेजाऱ्यांनी पाहिली. संध्याकाळी तिच्या मुलीने आईच्या भाडेकरूचं नाव फोनमध्ये घातलं. सगळे फोटो निघाले. फुटलेला ओठ, पिंजारलेले केस, भरलेले गाल, सगळे. त्यातले निम्मे खटले कोर्टाने काढून टाकले होते, पण खटला निघाला म्हणून फोटो निघत नाही. म्हातारी रडली म्हणे. "माझा तुझ्यावर विश्वास आहे रे बाळा, पण माझी मुलगी ऐकत नाही," म्हणाली. जाताना तिने त्याला सफरचंदं भरलेला अख्खा गोड 'ॲपल पाय' भाजून दिला. इथली माणसं तुम्हाला घराबाहेर काढतात तेव्हाही हातात गोड देऊन काढतात. मग चर्चमधल्या ज्यांच्या ज्यांच्या फरश्या ठरल्या होत्या, त्यांचे एकेक करून गोड आवाजात फोन आले, की आम्ही वसंतापर्यंत थांबायचं ठरवलंय. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

कोल्बी परत घळीत आईकडे आला. आला त्या सकाळी दुकानात पाच-सहा माणसं होती. त्याने कॉफी घेतली, पैसे ठेवले आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "इथे बरं आहे, मिस सू. इथे माझं नाव कुणाला शोधावं लागत नाही."

हॉईट कपात बघत बसला होता. कप बाजूला सारून म्हणाला, "माझ्या न्हाणीघराची फरशी उखडलीय. पाय अडकून पडेन एखाद दिवशी. येतोस का?"

"माझे फोटो पाहिलेत ना, मिस्टर हॉईट?"

"सगळे. फुकट नाही, पैसे देऊन."

"खोटं बोलतो," मी म्हटलं. "एकाचे दिले नाहीत." आणि सगळे हसले. कोल्बीही हसला. व्हर्ना हसली नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. त्याची खोली, त्याची कामं, त्याचं चर्च, सगळं तिच्या एका फोनने गेलं होतं, आणि तो तिला त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

आणि दुसरं मोठं भय होतंच. तिकडे त्याला कुणी ओळखत नव्हतं, हे त्याचं सुख होतं. इथे सगळे ओळखत होते, आणि त्यात ते जुने मित्रही आले. जे उरलेत ते. व्हर्ना रात्री त्याच्या ट्रकच्या आवाजाकडे कान लावून पडायची. पहाटे तो शेजारच्या खोलीत घोरत असायचा, ते ती स्वतःच्या कानांनी ऐकून निघायची, आणि दुकानात येऊन यादी उघडायची. आता तो हॉईटकडे कामाला जाताना तिच्याबरोबरच यायचा, कॉफीच्या यंत्राशी उभा राहून तिच्याकडे न बघता बघायचा.

डिसेंबर लागला. पंपाच्या पायऱ्यांवर मी मीठ टाकत होते, बर्फाने कुणी घसरू नये म्हणून. आत आले तर व्हर्नाचा फोन वाजत होता. रेव्हा होती. तीही शाळेच्याच स्वयंपाकघरातली, व्हर्नाची जुनी मैत्रीण. तिचा जेरड शुक्रवारपासून दिसला नव्हता. कोल्बी आणि तो एका वर्गातले आणि एकाच मार्गाने गेलेले. रेव्हाचा आवाज एवढा चढलेला की फोनबाहेर सगळं ऐकू येत होतं.

"आत आहे ना गं? नीट बघ ना. चेहरे बघ."

"बघितले, रेव्हा. यादी अजून पुरती चढली नसेल," व्हर्ना म्हणाली. "दुपारी बघू." आणि तिने फोन ठेवला.

कोल्बीने विचारलं, "नाहीये?"

"नाहीये."

"कुठल्याच नाही?"

व्हर्नाने मान हलवली. त्याने कपावर झाकण बसवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. "जुन्या खाणीच्या मागे एक ट्रेलर आहे. थंडी पडली की सगळे तिथे जातात. बघून येतो."

"तू नाही जायचं."

"आई."

"पोलिसांना सांगू आपण. त्यांचं काम आहे ते."

"गाडी दिसली की पोरं पळतात. आणि या थंडीत पळून जंगलात पडला तर वसंतात सापडतो."

"तुला तिथे बघून कुणी हातात काही ठेवलं तर? तू तरी विश्वास ठेवतोस का स्वतःवर?"

मी उगाच गल्ला पुसत होते. खरं सांगते, मला रेव्हाचा राग आला. तिच्या पोरासाठी आमचं पोर का, असं मनात आलं. आमचं म्हणाले मी, तेव्हा मलाही कळलं.

"रोज नाही ठेवत," कोल्बी शेवटी म्हणाला. "आज ठेवतो. मी कुठे आहे ते तुला दररोज कळायला हवं असतं ना? आज पहिल्यांदा सांगून जातोय."

व्हर्ना स्टुलावरून उतरली. मला वाटलं, ही आता दार अडवणार. ती माझ्यापाशी आली.

"अजून एक कॉफी दे. मोठी. साखर भरपूर घाल, जेरडला गोड लागतं. शाळेत भातावरसुद्धा साखर मागायचा."

दोन्ही कप तिने स्वतः ट्रकपर्यंत नेले.

त्या दिवशी तिने शाळेत कळवलं की येत नाही. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. ती खिडकीशी बसून राहिली. फोन समोर पालथा. हॉईट आला, त्याला मी खुणेने गप्प बसवलं, आणि तो खरंच गप्प बसला. त्यानेच मध्ये उठून तिच्यासाठी पाणी आणलं. उन्हं आली, पायऱ्यांवरचं बर्फ वितळलं. मी मनातल्या मनात कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली. इथे आल्यापासून इतक्या देवांना एकदम त्रास दिला नव्हता.

ट्रक आला तेव्हा त्यात कोल्बी एकटाच होता. अंगात जाकीट नव्हतं. व्हर्ना धावली आणि तिच्यामागे मी.

"सापडला," तो म्हणाला. "ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. हॉस्पिटलात पोचवला. रेव्हा आलीय तिथे. जाकीट त्याच्या अंगावर आहे."

व्हर्ना त्याच्याकडे बघत होती. हनुवटी, हात, खिसे. विचारत नव्हती, आणि न विचारता तिचा जीव चालला होता. त्याला ते दिसलं. तो पंपाच्या छपराखालून बाहेर उन्हात आला आणि त्याने टोपी काढली.

"बघ," तो म्हणाला. "नीट बघ."

तिने त्याची हनुवटी धरली, चेहरा उन्हाकडे वळवला आणि आधी एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग सुईच्या खुणा बघायला बाह्या वर सारल्या. त्याने सारू दिल्या. एवढा दांडगा बाप्या, लसीला आणलेल्या पोरासारखा हात पुढे धरून उभा होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

"झालं?"

"झालं."

"मग आता उद्यापासून यादीत माझं नाव बघायचं नाही."

"रेव्हासारख्यांचं बघावं लागतं रे मला."

"त्यांचं बघ. सगळ्यांचं बघ. माझं नाही. शपथ घे."

व्हर्नाने शपथ घेतली. उजवा हात वर करून, कोर्टात घेतात तशी. कोर्टात तिने ती पुष्कळदा पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आली, कॉफी घेऊन स्टुलावर बसली आणि तिने यादी उघडली. कोल्बी बाहेर ट्रकच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. खिडकीतून तो पुरता दिसत होता. दोन फोन आले, दोघींचे आत होते, दोघींना तिने तसं सांगितलं. मग ती एकेक चेहरा सरकवत खाली गेली. कुणी दूध सांडायचा, कुणी रांगेत ढकलाढकली करायचा. एस संपला आणि तिचं बोट थांबलं.

ती उठून गल्ल्यापाशी आली. मग तिने फोन गल्ल्यावरून माझ्याकडे सरकवला आणि भिंतीवरच्या सिगारेटच्या पाट्या वाचायला लागली.

"टी तेवढा तू बघ."

मी चष्मा लावला. टॅकेट नावाचा एक म्हातारा दारुडा होता आणि टॉलिव्हर नावाची एक पोरगी. पुढे थेट डब्ल्यू. मी दोनदा पाहिलं.

"नाहीये," मी म्हटलं.

"मी विचारलं का तुला?" व्हर्ना म्हणाली. तिने फोन ओढून घेतला आणि उरलेली यादी शेवटपर्यंत वाचली. मग पर्स उघडली.

"आणि ते एक गरम बिस्किट दे."

इतक्या वर्षांत तो आत नसताना तिने बिस्किट मागितलं ते पहिल्यांदाच.